वयाने मोठं कुत्रं दत्तक घेतलं की 'सोडा मोकळं, शिकेल आपोआप'? माझा ठाम विरोध

सड्यावरची

परवाच्या धाग्यात 'दर्यावर्दी' यांनी लिहिलं होतं, "मोठं कुत्रं आणलंत ना, मग पट्टा काढा आणि पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) सोडा. गावची कुत्री आठ दिवसांत रीत शिकवतात. माणसाने मधे पडू नये." खाली किती जणांनी माना डोलावल्या! रात्री दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. शेवटी वेगळा धागा काढते आहे, कारण हाच सल्ला मी ऐकला होता आणि तो माझ्या राणीला भोवला.

राणी लॅब्रडॉर. माझ्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. त्याआधीचं सगळं आयुष्य एका बंगल्यामागच्या पिंजऱ्यात गेलेलं. मालक मुंबईला, खायला घालायला एक गडी. दुसरं कुत्रं तिने पाहिलं असेल तर फाटकाच्या सळ्यांतून. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असतं तेव्हा आपल्या जातभाईंशी कसं वागायचं ते त्याच्या अंगात मुरतं. तो काळ हुकला की पुढे शिकता येतं, पण फार हळू आणि कोणीतरी सांभाळून शिकवलं तरच.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका माहीतगार गृहस्थांच्या सांगण्यावरून मी तिला संध्याकाळी पुळणीवर सोडलं. पाच कुत्री होती. दोन वास घ्यायला जवळ आली. राणी ताठ उभी, शेपूट वर आणि एकदम स्थिर, तोंड मिटलेलं. मला वाटलं, शांत आहे. ती शांत नव्हती, भीतीने गोठली होती. तिसऱ्याने मागून तोंड लावलं, ही गर्रकन वळली आणि पाचही जण तुटून पडले. कान फाटला, अकरा टाके पडले. त्यानंतर चार महिने ती घराची पायरी उतरेना. गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाबाहेर, नुसतं भुंकणं ऐकू आलं तरी पडवीच्या कोपऱ्यात जाऊन थरथरायची.

कुत्र्याला सगळ्यात आधी अंतर लागतं, आणि आपल्या पाखाड्यांत, या अरुंद गावठाणी वाटांत, तेच नसतं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून कुत्रं आलं तर वळायलाही जागा नाही. म्हणून मी तिला रिक्षात घालून सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळमाळावर, न्यायला लागले. तिथे गुराख्याचं कुत्रं दीडशे पावलांवरून दिसतं. ते दिसलं, की राणीचा श्वास अडकायच्या आत उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा तिच्या तोंडात. कुत्रं दिसेनासं झालं की बांगडा बंद. बाकी काही नाही. ओरडणं नाही, हिसका नाही, 'चल ना, काही करत नाही तो' असली आर्जवंही नाहीत. पहिले तीन आठवडे आम्ही शंभर पावलांच्या आत गेलोच नाही. मग एका सकाळी तिने ते कुत्रं पाहिलं, कान पुढे केले आणि आपण होऊन मान वळवून माझ्याकडे बघितलं. मिशांना बांगड्याचा चुरा चिकटलेला. मी तिथेच कातळावर बसून रडले.

आज सात महिने झाले. पंधरा पावलांवरून दुसरं कुत्रं गेलं तरी ती चालत राहते. तिने एकाशीही मैत्री केलेली नाही आणि मला ती नकोच आहे. तिला नीट रस्त्याने जाता यावं, एवढंच हवं आहे.

दर्यावर्दी

माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून लिहितो. वीस वर्षं जेटीवर आहे. घाटावरून बर्फाच्या ट्रकमधून एक मोठं काळं कुत्रं उतरलं होतं. जेटीच्या कुत्र्यांनी दोन दिवस त्याला पळवलं. ते जाळ्यांच्या ढिगाखाली जाऊन झोपायचं. पाचव्या दिवशी त्यांच्याच रांगेत मासळीची वाट बघत बसलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. कुणी दोरी बांधली नव्हती की बांगडे भरवले नव्हते. तुम्ही कुत्र्याला भित्रं करून ठेवता आणि दोष गावच्या कुत्र्यांना. पट्टा ताणला की कुत्रं जास्त चवताळतं, हे वीस वर्षांत हजार वेळा बघितलंय.

सड्यावरची

तुमच्या काळ्याकडे पळायला अख्खी जेटी होती, लपायला जाळी होती, पोटाला मासळी होती. त्याने स्वतःचं अंतर स्वतः राखलं, पाच दिवस. मी जे सड्यावर करते तेच त्याने जाळ्याखाली केलं. आणि तो बहुधा रस्त्यावरच वाढलेला असणार, त्याला कुत्र्यांची भाषा येत होती. राणीला ती कधी कुणी ऐकवलीच नाही.

पट्ट्याचं तुमचं खरं आहे. हे कबूल करणं मला जड जातंय, पण खरं आहे. गळ्यातला पट्टा मी दोन्ही हातांनी आवळून धरायचे आणि माझी भीती दोरीतून तिच्यापर्यंत पोचायची. आता छातीचा पट्टा आहे आणि पंधरा फुटी दोरी, सैल सोडलेली. पण दोरी सैल ठेवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं.

मालवणी_झील

आमच्या घराक मोठो कुत्रो आणलो तेव्हा पयल्याच दिसाक शेजारच्या कुत्र्यान त्याका चावल्यान. आवशीन काय केल्यान, एकाची दोरी आपल्या हातात घेतल्यान, दुसऱ्याची माझ्या हातात दिल्यान. मदी दोन कुणगे (भाताची खाचरां) सोडून बांधावरसून रोज सकाळी चलाक लावल्यान. दोघांची तोंडा एकाच दिशेक. म्हयनोभर तोंडाक तोंड लावूक दिल्यान नाय. मगे एक कुणगो, मगे एकच बांध. आता एकाच पडयेत निजतत. आवस कधी शाळेक गेली नाय, पण तिका ह्यां कळला.

किनाऱ्याची_राखण

राणीबद्दल वाईट वाटतं. पण 'पुळणीवर सोडा' हे वाक्य वाचून मला वेगळ्याच कारणाने राग आला. किनारा ही कुत्र्यांची शाळा नाही. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला याच वाळूत येतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी. २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचं काम सुरू केलं, आज किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत लोक रात्री गस्त घालतात. मागच्या महिन्यात पहाटे साडेचारला मी पोचले तेव्हा घरटं उकरलेलं होतं. वाळूवर पांढऱ्या टरफलांचा सडा आणि भोवती पंजे. मऊ टरफलं फाडून आतलं खाल्लेलं. ती कुणाची गावठी कुत्री नव्हती. एका रिसॉर्टवाल्याने पाळून मोकळी सोडलेली होती.

दर्यावर्दी

कोल्हे उकरतात, रानडुक्कर उकरतं, ते नाही दिसत? आणि कुत्री एवढी वाढली कशाने? शनिवार-रविवारचे पाहुणे बिस्किटांचे पुडे वाळूत रिकामे करतात, खानावळी रात्री माशाची डोकी, भात, सगळं भरतीरेषेवर टाकतात. आम्ही जेटीवर मासळी टाकतो म्हणून नेहमी आमच्याकडे बोट. आधी तो उकिरडा उचला.

किनाऱ्याची_राखण

उचलाच! कोण नको म्हणतंय? पण 'आधी तो उकिरडा' म्हणत तुम्ही तुमचं कुत्रं सोडता आणि रिसॉर्टवाला तुमच्याकडे बोट दाखवून त्याचं सोडतो. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. तेवढे दिवस घरट्याने कुणाकुणाच्या वादातून वाचायचं?

पाखाडीकर

कासवं, कुत्री, बांगडे! माणसांचं कोणी बोलणार आहे का? माझ्या भाचीच्या पोटरीला शाळेच्या वाटेवर चावा. जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली, हे तरी माहीत होतं. मग ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी अशी रेबीजची इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात लस संपली म्हणून पोरीला घेऊन पन्नास किलोमीटर गेलो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, माहीत आहे ना? सगळी उचलून न्या, माझं स्पष्ट मत आहे.

सड्यावरची

पोरीचं ऐकून पोटात गोळा आला. लस संपलेली असणं अक्षम्य आहे, त्यावर मी तुमच्याबरोबर उभी राहीन. पण उचलून नेणार कुठे? केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण आणि लस झालेली कुत्री जिथून आणली तिथेच सोडायची आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीची कुत्री निवाऱ्यातच ठेवायचा आधीचा आदेश बदलून तेच धरलं, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून; नोव्हेंबर २०२५ ला शाळा-दवाखान्यांच्या आवारातली कुत्रीही वगळली. आणि रिकाम्या झालेल्या वाडीत शेजारच्या वाडीतली कुत्री येणारच. ग्रामपंचायतीत शस्त्रक्रियेची सोय मागा. दर भाद्रपदात सगळी वाडी रात्रभर जागी असते आणि दिवाळीनंतर प्रत्येक गडग्याखाली पिल्लं. तिथे हात घातल्याशिवाय ना तुमची भाची सुरक्षित, ना माझी राणी.

पाखाडीकर

ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज दिलाय. ठराव झाला, पुढे काही नाही. आणि तुमची राणी चावणार नाही कशावरून? चारशे पावलांवर शाळा आहे माझ्या घरापासून.

सड्यावरची

रास्त प्रश्न आहे. पाखाडीतून जावंच लागलं तर तिला जाळीचं मुसकं असतं. तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आपल्या दमट हवेत कापडी घट्ट मुसकं बांधू नका, कुत्रं तोंड उघडूनच अंग थंड करतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बैलासारखं काय बांधलंयस! पण मुसकं बघून लोक दोन पावलं लांब राहतात, आणि राणीला तेच हवं असतं.

पाखाडीकर

एवढं करत असाल तर माझं तुमच्याशी भांडण नाही. बाकीच्यांशी आहे. आणि सड्यावर फुरशी असतात, चपला घालून जाऊ नका.

सड्यावरची

बूट घालते, मळलेली वाट सोडत नाही.

दर्यावर्दी

अकरा टाक्यांचं आधी नीट वाचलं नव्हतं. माझा काळा वाचला, तुमची मार खाऊन आली. प्रत्येक कुत्र्याला जाळ्यांचा ढीग मिळत नाही, एवढं मानतो. 'आठ दिवसांत शिकतं' हे सगळ्यांना लागू नाही. जेटीवरच्यांना लागू आहे, त्यावरून मी हटणार नाही.

एक सांगतो. सकाळी होड्या लागतात तेव्हा साडेसहा ते आठ गावची सगळी कुत्री जेटीवर असतात. पुळण मोकळी असते. तुमच्या राणीला समुद्र बघायचा असेल तर तेव्हा आणा. दोरीवर आणा. आणि १ जूनला मासेमारीची बंदी लागली की तीच कुत्री उपाशीपोटी वाड्यांत शिरतात. ते दोन महिने पाखाडीत उतरूच नका.

किनाऱ्याची_राखण

भरतीच्या रेषेखालून चाला, ओल्या वाळूतून. वरच्या कोरड्या वाळूत आमच्या काठ्या रोवलेल्या आहेत.

सड्यावरची

बंदीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गेल्या जूनमध्ये पायरी न उतरण्याचं कारण तेही असणार, वाडीत रात्रंदिवस नवी कुत्री होती. ओल्या वाळूतूनच चालेन. शनिवारी सातला येते, मागे लांब उभी राहीन. जेटीच्या बाजूने वारा असला तर परत फिरेन, तिला वास आधी लागतो.