प्रतिसाद : सिंथ म्हणजे भेसळ?

भावा, वर तू लिहिलंयस की हेवी मेटलमध्ये सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आला की भेसळ झाली, आणि ही ऐंशीच्या दशकातली खोड. तर रेनबो बँडचा 'रायझिंग' अल्बम पुन्हा ऐक. साल 1976. पहिल्याच गाण्याची सुरुवात टोनी केरीच्या मिनीमूग सिंथने होते. मिनिटभर नुसता तोच घोंघावतो, मग कुठे ब्लॅकमोरची गिटार लांबून चाल करून येते. तो मिनीमूग गिळून गप्प बसायचं म्हणतोस का?

आणि त्यातलंच 'स्टारगेझर' गाणं! कोझी पॉवेलच्या ड्रम्सनी दार फोडल्यागत सुरुवात. एक जादूगार उन्हातान्हात गुलामांकडून दगडी मनोरा बांधून घेतो, कशासाठी, तर वरून उडायला. उडतोय कसला, आपटतो. डिओ हे सगळं त्या राबणाऱ्यांच्या तोंडून गातो, त्यामुळे ती परीकथा वाटतच नाही. मागे म्युनिकचा वाद्यवृंद. पुढच्या गाण्यात तेच लोक मोकळे, पण जायचं कुठं? तिथं केरी आणि ब्लॅकमोर आलटून-पालटून असे भिडतात की खासबागेतली कुस्ती आठवावी. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एवढी दोनच गाणी, प्रत्येकी आठ मिनिटांवर.

पहिल्या बाजूची मधली दोन गाणी मला साधीच वाटतात, कुणी रागावू नये.

रात्री रंकाळ्यावर हेडफोन लावून ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यावर जिमी बेनचा बास ऐकूच येत नाही.