मदत हवी आहे : खोल समुद्रातील अ‍ॅम्फिपॉडची (कोळंबीसारख्या छोट्या कवचधारी प्राण्याची) नवी प्रजाती कशी ठरवतात?

नमस्कार. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या अटाकामा गर्तेत (समुद्रतळावरील खोल दरीत) ७,९०२ मीटर खोलीवर सापडलेल्या, जेमतेम चार सेंटिमीटरच्या 'डल्सिबेला कामांचाका' या शिकारी अ‍ॅम्फिपॉडसाठी २०२४ मध्ये नवी प्रजातीच नव्हे, तर नवा वंशही (genus, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) मांडण्यात आला, आणि तोही अवघ्या चार नमुन्यांवरून.

सूक्ष्मदर्शकाखाली पाय व जबड्याचे भाग सुटे करून रेखाटतात, जोडीला डीएनए तपासतात, एवढे समजले. मात्र अ‍ॅम्फिपॉडमध्ये नर-मादीची आणि पिल्लू-प्रौढाची ठेवण पुष्कळदा वेगळी असते. मग इतक्या थोड्या नमुन्यांत हा फरक वयाचा की प्रजातीचा, हे कशावरून ठरवतात? शिवाय फॉर्मॅलिन या रसायनात जतन केलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळणे अवघड असते, तेव्हा तुलना केवळ चित्रांवरच (ती तरी नेमकी असतील तर!) भागवतात का? वर्गीकरणाचे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.