फक्त महत्त्वाच्या सूचना (सोसायटी ग्रुप)

बी-४०२ : नमस्कार. दुपारी ग्रुपवर आपल्याच बिल्डिंगमधल्या मुलाच्या अकाउंटचा स्क्रीनशॉट पडलाय, वर "सावधान" लिहून. ज्यांनी टाकला त्यांनी कृपया आधी काढा. मुलगा पंधरा वर्षांचा आहे हो!

ए-१०१ (काका) : जागरूकतेसाठीच टाकला. नाव खोडलं होतं.

बी-४०२ : काका, नाव खोडलंत, पण चेहरा? मागे आपलं गेटही दिसतंय.

सी-२०३ : कोणाचा मुलगा?

बी-४०२ : नेमकं हेच व्हायला नको होतं.

सी-३०४ (आजोबा) : मुलांच्या हातात फोन देऊच नका. विषय संपला.

सेक्रेटरी : ग्रुप फक्त महत्त्वाच्या सूचनांसाठी आहे.

डी-५०१ : मग साहेब, सकाळची ती सूर्योदयाची तीन चित्रं कोणत्या ठरावात मंजूर झाली? 😄

ए-१०१ (काका) : डिलीट केला. आता तरी समाधान?

बी-४०२ : मला अजून दिसतोय. तुम्ही "फक्त माझ्यासाठी" दाबलंत. आता तो तुम्हालाच दिसणार नाही, बाकी सगळ्या बिल्डिंगला दिसेल.

डी-५०१ : आता ॲडमिनच काढू शकतो. सेक्रेटरीसाहेब, तो मेसेज दाबून धरा.

सी-२०३ : पण झालंय काय ते तरी सांगा. आम्हालाही मुलं आहेत.

ए-५०४ (ताई) : मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून लिहिते. कोणाचं नाव घेणार नाही. हा प्रकार ठरलेला असतो. समवयस्क मुलीच्या नावाने ओळख होते, दोन दिवस गोड गप्पा, मग दुसऱ्या ॲपवर बोलावणं, फोटो मागणं. फोटो मिळाला की धमकी : पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो. यात मुलगेही मोठ्या संख्येने अडकतात आणि लाजेने गप्प बसतात.
पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट किंवा अकाउंट उडवायचं नाही, तोच पुरावा आहे. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैशांसाठी दिलेला नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, पण मुलाचा फोटो कुठेही फॉरवर्ड करायचा नाही. मग रिपोर्ट, ब्लॉक आणि सायबर पोलिसांकडे तक्रार.
अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी "टेक इट डाउन" ही मोफत सेवा आहे. फोटो तिथे अपलोड होत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून हटवतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमधलं मात्र त्यातून सापडत नाही.

सी-३०४ (आजोबा) : म्हणूनच म्हणतो, फोन देऊच नका.

डी-५०१ : आजोबा, राग मानू नका, पण मध्यंतरी व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड अनोळखी माणसाला कोणी सांगितला होता? तुमच्या नावाने आम्हा सगळ्यांकडे पैसे मागितले गेले.

सी-३०४ (आजोबा) : तो माणूस फार सभ्यपणे बोलत होता.

ए-५०४ (ताई) : मुलांशीही असंच सभ्यपणे बोलतात, आजोबा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, म्हणजे नुसत्या कोडवर अकाउंट उघडत नाही. घरच्या सगळ्यांनीच.

ए-२०२ : मी मुलीचे सगळे मेसेज रोज वाचतो. आमच्याकडे असले प्रकार नाहीत.

बी-४०२ : तिचं दुसरं अकाउंट नसेलच, याची खात्री आहे?

ए-२०२ : हा टोमणा आहे का?

ए-५०४ (ताई) : टोमणा राहू द्या. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी टीन अकाउंट आणलं. अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, आणि सोळाच्या आतल्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण मुलाने वय खोटं सांगितलेलं असेल तर याचा भरवसा नाही. आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःच खोटं जन्मवर्ष टाकून अकाउंट उघडून दिलंय?

डी-५०१ : ग्रुपवर अचानक शांतता 🤐

बी-४०२ : त्या मुलाने घरी का सांगितलं नाही माहितीये? मार्क कमी पडले तेव्हा फोन काढून घेतला होता. त्याला वाटलं, हे सांगितलं तर कायमचाच जाईल. माझ्या मुलीला सांगितलं, आईला नाही.

सी-३०४ (आजोबा) : मुळात फोन देऊच नये.

सेक्रेटरी : काढला मेसेज. आता चर्चा थांबवा.

बी-४०२ : साहेब, ताईंचा मेसेज उडवलात. स्क्रीनशॉट आहे तसाच आहे.

ए-५०४ (ताई) : असू दे, परत टाकते.

सेक्रेटरी : आता बघा.

बी-४०२ : हो, गेला. आता एक राहिलं. सांस्कृतिक समितीची वाढदिवसांची यादी : मुलाचं नाव, जन्मतारीख, फ्लॅट नंबर, शाळा, वर फोटो. ग्रुपमध्ये सोडून गेलेले भाडेकरूही आहेत अजून.

डी-३०२ (समिती) : म्हणजे इतकी वर्षं आम्ही राबलो ते चुकीचं? एकही जण मदतीला येत नाही, नावं ठेवायला सगळे.

बी-४०२ : वहिनी, शुभेच्छा द्या हो. शाळा आणि जन्मवर्ष तेवढं काढा.

डी-३०२ (समिती) : यादीच काढली. पुढच्या महिन्यात कोणाचा वाढदिवस राहिला तर आम्हाला बोलायचं नाही.