4 ऑक्टोबरला नेमकं काय झालं? फळ्यावर लिहायचंय, उद्या सकाळच्या आत सांगा

फळेकाका, प्रतापनगर, नागपूर | 3 ऑक्टोबर, संध्याकाळी 7.40

मंडळी, नमस्कार. काम किरकोळ आहे, पण वेळ कमी आहे.

आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोक्यांशेजारी, भिंतीवरच काळा रंग मारून तीन बाय दोनचा फळा केलाय. डाव्या अर्ध्यात सोसायटीच्या सूचना, उजव्या अर्ध्यात माझा दिनविशेष. बँकेतून सुटलो तेव्हापासून लिहितोय, सहा वर्षं झाली. वाचणारे मोजून तीन. एक मी. दुसरे वरच्या मजल्यावरचे सर, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, आता माझ्या चुका काढतात. तिसरी चौकीदाराची सहावीतली मुलगी. ती रोज सकाळी फळा वहीत उतरवून घेते आणि शाळेत परिपाठाला वाचून दाखवते. म्हणजे माझी चूक सकाळी साडेसातला अख्ख्या शाळेच्या कानात जाते.

एरवी काम सोपं असतं. एक जयंती, एक पुण्यतिथी, खडू खाली. उद्याच्या 4 तारखेला मात्र इतका माल निघालाय की फळा पुरत नाही, आणि निम्म्या मालावर सरांची हरकत आहे.

1957 ला रशियाने स्पुटनिक सोडला. 83.6 किलोचा गोळा, व्यास 58 सेंटिमीटर, आत बॅटरी आणि ट्रान्समीटर, बाहेर चार मिशा. एकवीस दिवस 'बीप बीप' करत फिरला आणि अमेरिकेची झोप उडवली. 1883 ला पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेस इस्तंबूलला निघाली. आता हिची गंमत अशी की ती गाडी इस्तंबूलला पोचायचीच नाही. रुमानियात प्रवासी उतरवायचे, डॅन्यूब नदी नावेतून पार करायची, पलीकडे दुसऱ्या गाडीत बसून वार्ना बंदर, तिथून आगबोट. नागपूरच्या तिकिटावर काटोलला उतरवून बैलगाडीत बसवल्यासारखं. पण नाव काय ऐटदार! 1977 ला अटलजी परराष्ट्रमंत्री असताना संयुक्त राष्ट्रांत हिंदीत बोलले. यावर वाद नाही, म्हणून मजाही नाही. 1996 ला नैरोबीत आफ्रिदीचं 37 चेंडूंत शतक. शिवाय जागतिक प्राणी दिन. तो मी लिहिणार नाही. कुत्र्यांना पोळ्या घालणारे आणि न घालणारे अशा दोन पार्ट्या आमच्याकडे आधीच आहेत.

आणि सगळ्यात भारी म्हणजे 1582. त्या वर्षी इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये लोक 4 ऑक्टोबरला, गुरुवारी झोपले, ते उठले शुक्रवारी, 15 ऑक्टोबरला. मधले दहा दिवस पोप ग्रेगरींनी काढूनच टाकले.

सरांना लिफ्टपाशी हे सांगितलं तर म्हणाले, "स्पुटनिक 4 तारखेला गेलाच नाही." एवढं बोलून लिफ्टचं दार लावून वर गेले. आता मी काय लिहू?

---

रात्रपाळी

काका, सर बरोबर आहेत आणि तुम्हीपण बरोबर आहात.

स्पुटनिक सुटला तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात रात्रीचे 10 वाजून 28 मिनिटं झाली होती, तारीख 4. लंडन-न्यूयॉर्कलाही 4 च. पण ज्या कझाकस्तानच्या माळावरून तो उडाला तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. आणि आपल्याकडे? मॉस्कोच्या पुढे अडीच तास जोडा. रात्रीचे 12 वाजून 58 मिनिटं. म्हणजे जिथून उडाला तिथे 5, नागपुरात 5, आणि जगभरच्या दिनविशेषात 4.

मी रात्रपाळीत काम करतो, मला हा घोळ रोजचा आहे. डब्यावर बायको कालची तारीख घालते.

---

खाडेवही

मला त्या 1582 चंच विचारायचंय. दुधाचं काय केलं?

हसू नका. माझ्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर आहे, त्यावर दूधवाल्याचे खाडे गोल करून ठेवते. कामवाल्या बाईंचे फुलीने. आता समजा सकाळी उठले आणि 5 ते 14 गायब. दहा गोल करायचे का? तो म्हणणार, ताई, मी तर एक दिवस चुकलो नाही. तो खराच असणार, कारण काल दिलं आणि आज दिलं. पण महिना 31 चा धरला तर मी दहा दिवसांचे फुकट देणार. आणि घरभाडं? तो ऑक्टोबर 21 दिवसांचाच की.

युरोपवाल्यांनी दहा दिवस काढले म्हणून एवढं कौतुक. आपल्याकडे तिथीचा क्षय होतच असतो, पंचांगात बारीक अक्षरात लिहितात आणि आपण चहा पितो. उलट आपण दर दोन-तीन वर्षांनी अख्खा महिना वाढवतो, वर त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे घालतो. काढायला अक्कल लागत नाही, वाढवायला तुपाचा डबा लागतो.

---

मु. पो. पारशिवनी

काका काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिले? आफ्रिदी लिहा अन् मोकळे व्हा. त्या दिवशी आम्ही पंचायतीच्या टीव्हीवर पाह्यलं होतं. अकरा सिक्स बे! अन् बॅट कोणाची? आपल्या सचिनची. सचिननं ती वकार युनूसले देली होती, सियालकोटात तशीच बनवून आण म्हणून. वकारनं देली या पोराले. आफ्रिदीनं सोताच सांगितलं हे. म्हणजे अर्धं शतक आपलंच धरा.

पण काका, त्याचं वय लिहू नोका. रेकॉर्डात होतं 16 वर्षं 217 दिवस. मंग 2019 ले त्यानं आपल्या पुस्तकात लिहिलं का मी तवा 16 चा नव्हतो, 19 चा होतो, माहा जन्म 1975 चा. आता 96 मधून 75 वजा करा. एकवीस येते ना? म्हणजे तीन वयं अन् एक माणूस.

मी हसत नाही त्याले. आमच्या शाळेत हेडमास्तरनं अर्ध्या गावाले 1 जुलैचा जन्म देऊन टाकला. शाळा उघडली का बाप पोराले घेऊन जाये, गुरुजी इचारे कवा झाला, बाप म्हणे पऱ्हाटी येचणीले आली होती तवा. गुरुजी लिहे, 1 जुलै. त्याच्यानं माह्या बाबाच्या ऑफिसात 30 जूनले एकाच दिवशी सात जणं रिटायर झाले. सात नारळ, सात शाली, अन् दुसऱ्या दिवशी फाईल कुठी हाय हे सांगाले कोणी नाही.

---

शिक्का नं. 2

खाडेवहीताई, अजून एक घ्या. स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेसा त्याच रात्री वारल्या, 4 आणि 15 च्या मधल्या रात्री. त्यांचा स्मरणदिन 15 ऑक्टोबरला करतात. एका रात्रीत दहा दिवसांचं अंतर पडलं.

इंग्रज तर 1752 पर्यंत अडून बसले होते, पोपचं ऐकायचं नाही म्हणून. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला. म्हणूनच आपल्या इतिहासातल्या जुन्या तारखा बघताना जपून. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630, ही जुन्या कॅलेंडरची तारीख. नव्याने मोजली तर 1 मार्च येते. फाल्गुन वद्य तृतीया मात्र दोन्हीकडे तीच.

---

फळेकाका, प्रतापनगर, नागपूर | रात्री 10.15

सगळ्यांचे आभार. दसऱ्याची पानं अजून टेबलावर आहेत, ती बाजूला सारून हे लिहितोय. काल दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे आमच्या बाजूचा रस्ता दिवसभर बंद होता, तेव्हाही हाच विचार डोक्यात आला. 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस दसऱ्याचा, तारीख 14 ऑक्टोबर. लोक दसऱ्याला येतात आणि 14 तारखेलाही येतात. दोन्ही दिवस खरे. आमच्या सरांना हे पटवून देणं मात्र कठीण.

'शिक्का नं. 2', तुमच्या नावावरून एक आठवलं, ते सांगूनच टाकतो.

बँकेत माझं सकाळचं पहिलं काम तारखेचा शिक्का फिरवायचं. त्याला रबराच्या चार पट्ट्या असत. पेनच्या टोपणाने आकडा पुढे ढकलायचा, जांभळ्या पॅडवर दाबायचा, रद्दीच्या कागदावर उमटवून बघायचा, मग काउंटर उघडायचा. बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी. एके वर्षी घरात बहिणीचं लग्न होतं, रात्रभर जागा होतो, आणि शिक्का फिरवायचा राहिला. साडेबारापर्यंत मी आदल्या दिवसाचीच, म्हणजे 4 तारीख ठोकत होतो. इतवारीचा एक किराणावाला पावती उलटीसुलटी करत म्हणाला, "बाबूजी, कल तो बीत गया ना?"

घाम फुटला. एकशे चाळीस पावत्या. आमच्याकडच्या प्रतींवर एकेक आकडा खोडून सही केली, साहेब मागे उभे. लोकांनी घरी नेलेल्या प्रतींसाठी माणसं पाठवली. सगळे आले, एक आला नाही. त्याच्या कर्जाचा हप्ता 4 ला भरायचा होता, तो 5 ला आला होता, आणि माझ्या शिक्क्याने त्याचा दंड वाचवला होता. नंतर रस्त्यात भेटला की दुरूनच हात जोडायचा. पोपने दहा दिवस काढले, मी एक दिवस दोनदा चालवला. फरक एवढाच की त्यांना कोणी मेमो दिला नाही.

तर ठरलं. 1582 वर ठळक, खाली बारीक अक्षरात सरांच्या समाधानासाठी: 'स्पुटनिक. मॉस्को 4, नागपूर 5.' आफ्रिदीला जागा उरली तर बघू. वय लिहिणार नाही.

---

खाडेवही

काका, उद्या काय झालं ते नक्की कळवा. मी कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय.

---

फळेकाका, प्रतापनगर, नागपूर | 4 ऑक्टोबर, दुपारी 12.20

कळवतो. आज शनिवार, सकाळची शाळा, त्यामुळे पोरगी सव्वासहालाच वही घेऊन फळ्यासमोर उभी. 1582 वर तिने एकच प्रश्न विचारला, "मग 9 ऑक्टोबरला ज्यांचा वाढदिवस होता त्यांचं?" मी म्हटलं, त्यांचं वय वाढलं असणार, केक गेला असणार. तिने "केक" वहीत लिहून घेतलं.

आताच परत आली. जिन्यातच गाठलं. दहा दिवसांची गोष्ट हिट झाली म्हणे, मागच्या रांगेतून कोणीतरी "सहामाही त्याच दहा दिवसांत ठेवा" असं ओरडलं. मग तिने स्पुटनिक वाचला, 'मॉस्को 4, नागपूर 5'. बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, नागपुरात 5 ला झालं ना, मग उद्या सांग.

"पण काका," ती म्हणाली, "उद्या तर रविवार आहे."