भेटणाऱ्या गाड्यांचं उदाहरण: उत्तर अपूर्णांकात येतंय, चूक कुठं?

प्रश्न
एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) सरावातलं उदाहरण. बेळगाव-निपाणी अंतर ७५ किमी धरलंय. दोन्हीकडून एकेक गाडी एकाच वेळी निघते. समोरासमोर आल्या तर ४५ मिनिटांत भेटतात. दोन्ही पुण्याच्या दिशेनं गेल्या तर बेळगावची गाडी निपाणीच्या गाडीला ३ तास ४५ मिनिटांनी गाठते. वेग काढा.
मांडणी: ०.४५(क्ष + य) = ७५, ३.४५(क्ष − य) = ७५. क्ष ९४.२ येतो. ताळाही जुळतो!

उत्तर १
मांडणीचा सांगाडा बरोबर आहे, वेळ चुकलाय. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, ०.४५ नव्हे. ३ तास ४५ मिनिटं म्हणजे पावणेचार, १५/४ तास. दशांश करूच नका.
७५ × ४/३ = १००, म्हणून क्ष + य = १००
७५ × ४/१५ = २०, म्हणून क्ष − य = २०
बेरीज केली की २क्ष = १२०. बेळगावची गाडी ताशी ६० किमी, निपाणीची ४०.
ताळा समीकरणात घालून बघितला तर चुकीच्या समीकरणातही जुळणारच. तो उदाहरणाच्या वाक्यात घाला: पाऊण तासात ४५ आणि ३० किमी, बेरीज ७५. पावणेचार तासांत २२५ आणि १५०, फरक ७५.

उत्तर २
एकक प्रत्येक उदाहरणात नडतं. दोन मिठाया घ्या: कुंदा ४८० रुपये किलो, करदंट ५६० रुपये किलो, मिळून ५ किलो, बिल २५६० रुपये. पुष्कळ मुलं "क्ष = कुंदा" लिहितात आणि पुढं क्ष + य = २५६० करून बसतात. "क्ष = कुंद्याचे किलो" असं पूर्ण लिहायला लावा. मग किलोचं समीकरण क्ष + य = ५, रुपयांचं ४८०क्ष + ५६०य = २५६०.
तोंडी पडताळा: सगळा कुंदाच घेतला तर २४००. वरचे १६० किलोमागं ८० च्या फरकानं आले, म्हणजे करदंट २ किलो, कुंदा ३.

प्रश्नकर्ता
पटलं सर. आणखी एक: दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले तर संख्या २७ नं कमी होते, दशकाचा अंक एककापेक्षा ३ नं मोठा. सोडवताना ० = ० येतं.

उत्तर १
(१०क्ष + य) − (१०य + क्ष) = २७ म्हणजे ९(क्ष − य) = २७, म्हणजे क्ष − य = ३. दुसरी अटही तीच. ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६ सगळ्या बसतात. तुमचं गणित बरोबर आहे, उदाहरणच अपुरं आहे. अंकांची बेरीज उतरवायची राहिली का ते बघा. ती ११ असेल तर उत्तर ७४.