डिस्ने वर्ल्ड, ओरलँडो: चार दिवस, सहा माणसं. रांगा, आरक्षणं आणि ये-जा कशी जमवावी?

चाफा

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण डिस्ने वर्ल्डला जातोय. मी, नवरा, लेक (साडेसहा वर्षं, उंची ४७ इंच), मुलगा (साडेतीन वर्षं, ३७ इंच) आणि भारतातून आलेले सासू-सासरे. आईंचे दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन चालतात, पण फार वेळ उभं राहवत नाही. आई-बाबा दोघंही पक्के शाकाहारी.

हॉटेल डिस्नेचंच घेतलंय, पॉप सेंच्युरी. तिकिटं पार्क हॉपरची (एका दिवसात एकाहून जास्त पार्कांत जाता येतं ती) आहेत, गाडीही भाड्यानं घेतोय. पहिल्या दिवसाचा बेत असा: सकाळी हॉलिवूड स्टुडिओज, साडेबाराला अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधल्या 'साना'त जेवण (तिथे नान आणि चटण्या मिळतात असं कळल्यावर आई खूश झाल्या), दुपारी अ‍ॅनिमल किंग्डम आणि रात्री मॅजिक किंग्डमची आतषबाजी. हे जमेल का? लायटनिंग लेन (जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जायची सोय) सगळ्यांसाठी घ्यावी लागते का? आणि गाडी असताना त्यांच्या बसनं जाण्यात काही अर्थ आहे का?

आई-बाबा पुन्हा एवढ्या लांब येतील असं वाटत नाही. त्यांचे चार दिवस नुसते रांगेत ताटकळण्यात जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

---

पाऊलवाट

चाफा, तुमचा पहिला दिवस वाचला आणि आमची अशीच एक दुपार डोळ्यांसमोर आली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीनदा जाऊन आलेय, त्यातले दोनदा माझ्या आईला घेऊन.

डिस्ने वर्ल्डमध्ये रांगेपेक्षा जास्त वेळ ये-जा करण्यात जातो. सगळा परिसर जवळजवळ २५,००० एकरांचा. चार पार्क १९७१ ते १९९८ या काळात एकेक करून लांब लांब उभे राहिलेत. त्यामुळे आधी कुठून कुठे कसं जायचं ते ठरवा, मग जेवणाची आरक्षणं त्यात बसवा आणि लायटनिंग लेनचं सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. मीही तेच केलं होतं.

तुमची साडेबाराची वेळ घेऊ. समजा पावणेबाराला तुम्ही गॅलक्सीज एजमधून (हॉलिवूड स्टुडिओजमधला स्टार वॉर्सचा भाग) बाहेर पडलात. तिथून हॉलिवूड स्टुडिओजचं फाटक काठीच्या चालीनं पंधरा-वीस मिनिटं, वाटेत मुलाला एकदा शू लागणारच. बसथांब्यावर पोचायला बारा वाजून गेले. बस समोर उभी असेल तर नशीब, नाहीतर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. बसमध्ये बसण्याआधी स्ट्रोलर रिकामा करून मिटायचा. मग पंधरा मिनिटांचा प्रवास. 'साना' लॉजच्या किदानी व्हिलेज या भागात खालच्या मजल्यावर आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा चाल. एक वाजला. तेही काहीच बिघडलं नाही तर.

आमचं बिघडलं होतं. पंचावन्न मिनिटं उशीर झाला आणि टेबल गेलं. हिशेब माझाच चुकला होता. आई बसथांब्याच्या बाकावर बसून मला समजावत होती, "अगं, मला भूकच नाहीये." सकाळी सातपासून तिनं फक्त चहा घेतला होता. तेव्हापासून एका दिवसात एकच पार्क आणि एकच जेवणाचं आरक्षण हा माझा नियम आहे. हॉपर घेतलंय तर ते एखाद्या संध्याकाळी वापरा, दिवसाचे तीन तुकडे करायला नको.

'साना' मात्र सोडू नका. खिडकीतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, आईंना तिथे बसूनच अर्धी सफारी होईल. फक्त ते अ‍ॅनिमल किंग्डमच्या दिवशी ठेवा. सकाळी उघडताच किलिमांजारो सफारी करा, मग नावी रिव्हरची बोट (दोन्हींना उंचीची अट नाही), आणि मग तिथून जवळच असलेल्या लॉजवर जेवायला. हे पार्क इतरांच्या मानानं लवकर मिटतं, म्हणून सकाळ महत्त्वाची. आरक्षण बदलताना घाबरू नका. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं, त्यानंतर माणशी १० डॉलर कापतात.

आता गाडी. अ‍ॅनिमल किंग्डमला गाडीनंच जा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कांचं पार्किंग फुकट आहे आणि जेवायला लॉजवर जाणंही सोपं पडेल. मॅजिक किंग्डमला मात्र गाडी अजिबात नेऊ नका. तिथलं पार्किंग पार्कापाशी नाहीच, ते तळ्याच्या अलीकडे आहे. गाडी लावायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीनं तळं ओलांडायचं, तेव्हा कुठे फाटक. टॅक्सीही तिथेच सोडते. हॉटेलची बस मात्र थेट मॅजिक किंग्डमच्या दाराशी उतरवते. आईंच्या गुडघ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉटला पॉप सेंच्युरीपासून स्कायलायनर, म्हणजे आकाशपाळण्यासारखी केबल कार. कॅरिबियन बीच या हॉटेलापाशच्या स्थानकावर ती बदलावी लागते. डबे थांबत नाहीत, सरकत राहतात आणि चालत्या डब्यात चढावं लागतं. पण बहुतेक स्थानकांवर व्हीलचेअर किंवा काठीवाल्यांसाठी बाजूला वेगळा फाटा असतो, तिथे डबा थांबवतात. दारातल्या माणसाला आधीच सांगा. माझी आई पहिल्या वेळी चालत्या डब्याकडे बघून मागे सरकली होती. बाजूच्या फाट्यावर अगदी निवांत चढली, आणि वर गेल्यावर काठी मांडीवर आडवी ठेवून खालचं पाणी बघत बसली. सबंध सहलीत तिला सगळ्यात आवडलेली राइड कुठली विचाराल तर ती हीच सांगते.

जूनमध्ये दुपारी गडगडाट होतो तेव्हा विजांमुळे स्कायलायनर थांबतो, उघड्यावरच्या राइडही थांबतात. त्या वेळी बसनं जा. खरं तर दुपारी दोन ते पाच हॉटेलवर परत येऊन झोपाच. ऊन, पाऊस आणि सगळ्यात लांब रांगा या तिन्ही गोष्टी त्याच वेळेत असतात.

---

दवबिंदू

पाऊलवाट यांना अनुमोदन. एपकॉटबद्दल एक भर घालते. स्कायलायनर एपकॉटच्या मागच्या दारी सोडतो, तिथल्या फ्रान्स आणि युनायटेड किंग्डम या देशांच्या दालनांच्या मधोमध. रेमीची उंदराची राइड तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिला उंचीची अट नाही, आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बसू शकतात. हॉटेलवाल्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. तो अर्धा तास रेमीसाठी वापरा. गार्डियन्सची कॉस्मिक रिवाइंड ही राइड मात्र पुढच्या दाराच्या बाजूला आहे. सकाळीच या टोकाहून त्या टोकाला पळायला जाऊ नका.

---

चाफा

किती मनापासून लिहिलंत दोघींनी! आईंना स्कायलायनरचं वाचून दाखवलं, त्या आता त्याचीच वाट बघताहेत.

लायटनिंग लेनचं अजून नीट कळलेलं नाही. कुठे फास्टपास लिहिलंय, कुठे जीनी प्लस. सहा जणांचं रोज घ्यायचं तर खर्च फार होतो. आणि लेकीला मॅजिक किंग्डममधल्या ट्रॉन या रोलरकोस्टरमध्ये बसवायचं कबूल केलंय. मुलाचं काय करायचं? गुडघ्यांच्या त्रासासाठी काही सवलत असते का?

---

पाऊलवाट

फास्टपास आणि जीनी प्लस दोन्ही आता नाहीत. जुलै २०२४पासून लायटनिंग लेनचे मल्टी पास आणि सिंगल पास असे प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये त्या दिवसाच्या पार्कातल्या तीन राइडच्या वेळा आधी निवडता येतात. प्रत्येक वेळ तासाभराची असते. पहिली राइड वापरून झाली की पुढची घेता येते. अ‍ॅनिमल किंग्डम सोडून बाकी तीन पार्कांत राइडचे दोन गट केलेत, मोठ्या गटातून एकच मिळते. सगळ्यात मागणीच्या राइड यात नसतात, त्यांचा सिंगल पास सुटा घ्यावा लागतो. राइज ऑफ द रेझिस्टन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज आणि ट्रॉन त्यातल्या.

तुम्ही हॉटेलवाले असल्यामुळे मुक्कामाच्या ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं, सबंध मुक्कामाचं आरक्षण करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. आदल्या रात्रीच अ‍ॅपमध्ये कार्ड आणि सगळ्यांची तिकिटं जोडलेली आहेत ना ते बघा. सातला त्यात वेळ घालवू नका.

सहा जणांचं घ्यायचं कारण नाही. पास माणशी असतो, जो बसणार त्याचाच घ्या. किंमत तारखेप्रमाणे आणि पार्काप्रमाणे बदलते, मॅजिक किंग्डमची सहसा सगळ्यात जास्त. मी तुमच्या जागी असते तर मॅजिक किंग्डम आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोनच दिवशी मल्टी पास घेतला असता. अ‍ॅनिमल किंग्डम सकाळी लवकर गाठलंत तर पासाशिवाय चांगलं होतं.

वेळा निवडताना सकाळच्या तिन्ही लागोपाठ आणि शक्यतो एकमेकींच्या जवळच्या राइडच्या घ्या. सकाळी दहाची या टोकाला आणि अकराची त्या टोकाला अशी घेतली तर रांग वाचते, पण आईंचे पाय जातात.

ट्रॉनचं मात्र लेकीशी आत्ताच बोला. तिथे ४८ इंच लागतात. ४७ला सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, सुरक्षेचा प्रश्न असतो. माझी मुलगी एकदा असंच कबूल केलेल्या राइडच्या दारात मापाच्या काठीखाली उभी राहिली. टाचा उचलल्या, मान ताणली. तिथल्या ताई गुडघ्यावर बसून तिला म्हणाल्या, "टाचा खाली ठेव बाळा." काठी आणि केस यांच्यामध्ये बोटभर जागा होती. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली, कारण शब्द मी दिला होता. तुमची लेक स्पेस माउंटन (४४ इंच), राइज (४० इंच), फ्लाइट ऑफ पॅसेज (४४ इंच) या सगळ्यांत बसू शकते. ही यादी घरी तिच्यासमोर बसून करा, घरीच भिंतीला उभी करून मापा.

मुलासाठी रायडर स्विच मागा. सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉग दोन्हींना ३८ इंच लागतात, त्याला एक इंच कमी पडतोय. राइडच्या दाराशी सगळ्यांनी मिळून जायचं आणि सांगायचं. एक मोठं माणूस मुलाजवळ थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्याला पुन्हा साधी रांग न लावता लायटनिंग लेननं आत सोडतात. याला वेगळे पैसे पडत नाहीत.

गुडघ्यांबद्दल. तिथली अपंगत्वाची खास सवलत २०२४पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासविषयक अडचणी असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे गुडघ्यांवर मिळण्याची आशा धरू नका. व्हीलचेअर घेतली तरी बहुतेक राइडना त्याच रांगेतून जायचं असतं. पण घ्याच. रांग तेवढीच राहिली तरी आई ती बसून काढतील. पार्काच्या दारात भाड्यानं मिळते ती पार्काबाहेर नेता येत नाही, बसथांब्यापर्यंतची चाल तशीच उरते. म्हणून बाहेरून चार दिवसांसाठी घडीची घ्या. "मला कशाला, मी चालेन" असं त्या म्हणतीलच. माझी आईही म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच म्हणाली, "आण गं ती खुर्ची."

---

सांजवेळ

दोन छोट्या गोष्टी. पार्कात घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. सासू-सासरे शाकाहारी आहेत तर सकाळचा डबा बरोबर असू द्या, अकराला भूक लागली की कुठे शोधाशोध करावी लागत नाही. आणि मॅजिक किंग्डमची आतषबाजी संपली की सगळे एकदम बसकडे धावतात. तुम्ही धावू नका. मेन स्ट्रीटवरची दुकानं नंतरही काही वेळ उघडी असतात. आईंना बसायला जागा बघा, मुलांना पाणी पाजा, अर्ध्या-पाऊण तासानं निघा. आम्ही असे निघालो तेव्हा बसमध्ये सगळ्यांना बसायला जागा मिळाली आणि धाकटा माझ्या खांद्यावर झोपूनच हॉटेलवर आला.

---

चाफा

'साना' गुरुवारी पावणेबाराला हलवलं. त्या दिवशी फक्त अ‍ॅनिमल किंग्डम, गाडीनं. मॅजिक किंग्डमला दोन दिवस ठेवलेत, मधल्या दुपारी झोप, आतषबाजी दुसऱ्या रात्री. मल्टी पास आम्हा दोघांचा आणि दोन्ही मुलांचा, बाबांनी ठरवलंय की ते आईंबरोबर फिलहारमॅजिकच्या गार थिएटरात बसणार.

लेकीला भिंतीशी उभी केली. ४७ आणि वर थोडंसं. ट्रॉन या वेळी नाही हे सांगितल्यावर खोलीत जाऊन बसली, मग वही घेऊन आली आणि स्पेस माउंटन पहिल्या नंबरवर लिहिलं. आता ७ दिवस आधीच्या पहाटेचा गजर लावतेय.