अमेरिकेतून पदवीसाठी परदेशी गेलेली मुले : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
शेजारच्या अमेरिकन कुटुंबातील मुलीला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे काल कळले आणि इथेच जन्मलेला आमचा मुलगा स्कॉटलंडला निघाला तो काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. सारे जग अमेरिकेत शिकायला येत असताना हा उलटा का चालला, असे नातेवाईक विचारत. त्याला इतिहास शिकायचा होता, आणि तिथल्या चार वर्षांच्या पदवीत सुरुवातीची दोन वर्षे इतर विषयही जोडीला घेता येतात. इंग्लंडमध्ये पदवी बहुधा तीन वर्षांत होते, पण विषय अर्जातच पक्का करावा लागतो. अमेरिकन सरकारचे विद्यार्थी कर्ज ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त विद्यापीठांत चालते, पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) मात्र चालत नाही. ज्यांची मुले अशी गेली आहेत त्यांनी कृपया लिहावे.

सह्यकडा
‘जर्मनीत फी नाही’ हे अर्धेच खरे आहे. भाची टेक्सासहून गेली ती बाडेन-व्युर्टेंबर्गला, आणि ते राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते. तरीही ते अमेरिकेच्या मानाने पुष्कळच कमी आहे. खरी कसोटी परीक्षेची. इथल्या शाळेत गृहपाठाला गुण असत, शिक्षक आठवण करून देत. तिथे गणिताचे सगळे गुण सत्राअखेरच्या एकाच पेपरवर होते आणि ती वर्गाला आली की नाही, हेही कोणी पाहत नव्हते. पहिल्या खेपेस ती नापास झाली. मग जर्मन मुलांबरोबर रोज ग्रंथालयात बसून तिने जुने पेपर सोडवले आणि दुसऱ्या खेपेस पास झाली.

उंबरठा
भाचीचे मनापासून कौतुक. आमची मुलगी डब्लिनला आहे. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला तिथे सुट्टी नसते, म्हणून तास आटोपून अमेरिकन मुलींनी वसतिगृहातच स्वयंपाक केला. ओव्हनमध्ये टर्की मावेना, तेव्हा कोंबडी भाजली. फोनवर हे ऐकताना मला रडू आवरले नाही.

बोरकूट
आम्ही बॉस्टनचे, मुलगा कॅनडात माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात. अमेरिकन नागरिकाला व्हिसा लागत नसला तरी शिक्षण परवाना लागतो, आणि त्याआधी क्वेबेक प्रांताचे स्वीकृतिपत्र. प्रवेश मिळताच हे कागद करायला घ्यावेत. रानजाई, धाकटीला ब्रिटनमध्ये डॉक्टरकी शिकायची आहे. अर्ज कधी करायचा?

रानजाई
बोरकूट, वैद्यकीय शाखेची मुदत ऑक्टोबरच्या मध्यालाच संपते, इतर बहुतेक विषयांची जानेवारीत. एकूण पाच अर्ज करता येतात, त्यांतले वैद्यकीयचे चारच. पुढे अमेरिकेत परतून रेसिडेन्सी (डॉक्टरांचे रुग्णालयातले पुढचे प्रशिक्षण) करायची असेल तर यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा द्यावीच लागेल, त्यामुळे त्याची चौकशी अर्जाआधी करा.